अंधाऱ्या खोलीत दर वेळी झाड का मरतं, आणि ते थांबवायचं कसं

माझी मावशी गिरगावात राहते. इमारत जुनी, घर दुसऱ्या मजल्यावर, हॉलला खिडकी एकच, आणि त्या खिडकीसमोर जेमतेम दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारीही ट्यूब लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही. दीड वर्षात तिच्याकडची पाच झाडं गेली. दोन अरेका पाम, एक क्रोटन, एक पीस लिली आणि शेवटी झीझी, जे नर्सरीवाल्याने "मावशी, याला काही म्हणजे काही लागत नाही" असं सांगून दिलं होतं. झीझी गेल्यावर तिने मला फोन केला. आवाज भरून आला होता. "माझ्या हाताला यशच नाही गं," म्हणाली.

हेच वाक्य मी डोंबिवलीतल्या शेजारणीकडून, पुण्यातल्या नणंदेकडून आणि ऑफिसातल्या निदान चार जणांकडून ऐकलंय. सगळ्यांची घरं वेगळी, झाडं वेगळी, पण मरण्याची तऱ्हा एकच. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. दर दोन-तीन महिन्यांनी तुमच्याही हॉलमधलं झाड जात असेल, तर आणखी एक झाड आणण्याआधी हे वाचा.

लक्षणं जुळतात का बघा

पहिले दोन-तीन आठवडे झाड उत्तम दिसतं. मग खालची पानं पिवळी पडायला लागतात, एका वेळी एक-दोन. माती वरून सुकलेली वाटते म्हणून आपण पाणी घालतो. मग पानं मलूल होतात. तहान लागली असेल म्हणून आपण आणखी पाणी घालतो. मातीभोवती बारीक काळी चिलटं फिरायला लागतात. एक दिवस देठ बुडातून मऊ लागतो, आणि पुढच्या आठवड्यात झाड आडवं. हे चित्र ओळखीचं असेल, तर तुमच्या झाडाला पाणी कमी पडलेलं नाही. ते बुडालंय.

मी मावशीकडे गेले तेव्हा झीझीची कुंडी अजून कोपऱ्यात होती. जमिनीवर पेपर पसरला आणि कुंडी उपडी केली. बाहेर एक देखणी चिनी मातीची कुंडी, तिला तळाशी भोकच नाही. तिच्या आत नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी तशीच, आणि पिशवीखाली दोन बोटं पाणी साचलेलं. लाल माती बाहेरून विटेसारखी टणक झाली होती, पण मधून फोडली तर ओलीचिंब. वास गणपतीनंतर फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखा. झीझीला मुळाशी बटाट्यासारखे गड्डे असतात, ते चांगले असले की कच्च्या बटाट्यासारखे घट्ट लागतात. हे बोटाने दाबले तर कुकरला दोन शिट्ट्या जास्त झालेल्या बटाट्यासारखे फुटले. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला.

"शेवटचं पाणी कधी घातलंस?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले की. तो म्हणाला होता आठवड्यातून एकदा घाला, तेवढंच घालते."

माती आठ दिवसांनीही ओलीचिंब होती. सगळं दुखणं तिथेच सापडलं.

अंधार आणि पाणी यांचं नातं

झाड पाणी पितं ते मुख्यतः पानांवाटे बाहेर सोडण्यासाठी, आणि पानांची छिद्रं किती उघडायची हे बऱ्याच अंशी उजेडावर ठरतं. उजेड भरपूर असला की झाड अन्न तयार करतं, पानांतून बाष्प सुटतं, मुळं मातीतलं पाणी ओढत राहतात आणि माती तीन-चार दिवसांत कोरडी होते. तेच झाड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की हा सगळा कारभार मंदावतो. मुळं पाणी ओढतच नाहीत. वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे मातीतूनही ते उडून जात नाही. मातीच्या कणांमध्ये हवेसाठी ज्या बारीक जागा असतात त्या पाण्याने भरून राहतात. मुळांनाही श्वास लागतो. प्राणवायू मिळाला नाही की ती गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी बसते.

पुढचा भाग माणसाला फसवणारा आहे. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात, अगदी तहानेने होतात तशीच. बघणाऱ्याला वाटतं पाणी हवंय. मायेने घातलेला तो तांब्याभर पाण्याचा घोट शेवटचा ठरतो. मावशीने हयगय केली म्हणून तिची झाडं गेली नाहीत. ती रोज त्यांच्याकडे बघत होती, म्हणून गेली. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली.

तेव्हा 'आठवड्यातून एकदा पाणी' हा सल्ला विसरा. कोणत्या घरात, कोणत्या खिडकीशी, कोणत्या महिन्यात, हे कळल्याशिवाय तो सल्ला देताच येत नाही.

आधी उजेड मोजा

आपला डोळा या कामाला निरुपयोगी आहे. अंधारात बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो, आणि दहा मिनिटांत खोली 'तशी उजेडाचीच' वाटायला लागते. झाडाला अशी सवलत नाही.

उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात साधारण एक लाख लक्स असतात. आपण संध्याकाळी दिवे लावून बसतो त्या हॉलमध्ये शंभर ते तीनशे. फोनवर लक्स मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. ती प्रयोगशाळेइतकी अचूक नसतात, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरेशी आहेत. बऱ्याच फोनमध्ये उजेड ओळखणारा भाग पडद्याच्या वरच्या बाजूला असतो, म्हणून झाडाची पानं असतील त्या उंचीवर फोन धरा आणि पडदा खिडकीकडे करा. वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोनमधली, दिवे बंद करून.

मावशीकडचे आकडे असे आले. खिडकीच्या कट्ट्यावर 900. खिडकीपासून चार फूट आत, सोफ्याशेजारी, 180. टीव्हीच्या कपाटावर, जिथे झीझी आणि पीस लिली दोन्ही गेली, तिथे 60. खिडकीपासून दोन पावलं आत आलं की उजेड किती घटतो ते या आकड्यांत दिसतं. म्हणूनच 'त्याच खोलीत आहे की' या म्हणण्याला अर्थ नाही.

फोन नसेल तर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर जागा चांगली आहे. सावली पसरट, पण बोटं ओळखू येतात, तर मध्यम. कागदावर नुसता मळकट डाग दिसला तर अंधार. आणि सावली पडतच नसेल, तर तिथे झाड ठेवू नका, कुठलंच.

ढोबळ अंदाज असा धरा. हजाराच्या वर लक्स मिळत असतील तर निवडीला भरपूर वाव आहे. अडीचशे ते हजार ही कमी उजेडाच्या झाडांची जागा. शंभर ते अडीचशेमध्ये एखाद-दुसरं झाड तग धरेल, पण वाढीची अपेक्षा ठेवू नका. शंभराच्या खाली दिवा लावल्याशिवाय पर्याय नाही.

शंभराच्या खालीही झीझी आठ-आठ महिने हिरवंगार दिसतं, आणि त्यावरूनच 'याला उजेड लागत नाही' ही समजूत पसरलीय. त्याचे गड्डे आणि जाड देठ हे साठ्याचे कोठार आहेत. अंधारात ते झाड त्या शिदोरीवर दिवस काढत असतं. साठा संपला की एकदम बसतं, आणि घरच्यांना वाटतं परवापर्यंत तर छान होतं.

झाड आणण्याआधी खिडकी धुवा

यात फार रंजक काही नाही, पण फरक मोठा पडतो. डासांची जाळी वर्षानुवर्षं धुतलेली नसते, तिच्यावर धुळीचा आणि स्वयंपाकाच्या तेलकट वाफेचा थर असतो. मावशीची जाळी काढून साबणाच्या पाण्याने धुतली, ग्रीलमध्ये रचलेली जुनी डबडी आणि प्लास्टिकच्या पिशव्या हलवल्या, काच आतून-बाहेरून पुसली. कट्ट्यावरचा 900 चा आकडा 1400 झाला. एक पैसा खर्च न करता. कपडे वाळत घालायची दोरी त्याच खिडकीत असेल तर तीही सरकवता येते का बघा. काळी फिल्म लावलेली काच असेल तर दिवसा ती सरकवून ठेवा.

आता कोणतं झाड

नर्सरीत 'इनडोअर' म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं घराच्या आत जगण्यासारखं नसतं. अरेका पाम, क्रोटन, फायकस, जेड, बहुतेक सक्युलंट म्हणजे जाड, रसाळ पानांची झाडं, कोरफड ही सगळी उजेडाची झाडं आहेत. पूर्वेकडच्या गॅलरीत ती सुरेख होतील. मावशीच्या हॉलमध्ये त्यांना आणणं म्हणजे त्यांचे दिवस मोजणं.

झीझी मी तरीही पहिलं सांगेन. हे पूर्व आफ्रिकेतलं झाड, केनिया-टांझानियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंतचं. तिथे महिनोन्महिने पाऊस नसतो, म्हणून गड्ड्यांत पाणी साठवायची सोय. बाजारात ते तसं अलीकडे आलं, नेदरलँड्समधल्या नर्सऱ्यांनी 1996 च्या सुमाराला मोठ्या प्रमाणावर रोपं करायला लागल्यावर. दोनशे-तीनशे लक्समध्येही ते टिकतं, मात्र पाणी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दीड महिन्याने. ज्यांना कुंडीकडे विसरून जाणं जमतं त्यांच्यासाठी हे झाड आहे.

स्नेक प्लांटही तसंच. पश्चिम आफ्रिकेतलं, उभ्या तलवारीसारख्या पानांचं. पूर्वी त्याला सॅन्सेव्हिएरिया म्हणत, आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गणना ड्रॅसिनात करतात. नर्सरीत दोन्ही नावं चालतात. अंधारात ते वाढत नाही, फक्त उभं राहतं, हे मनाशी धरून आणा. पाणी घालताना पानांच्या मधल्या पेल्यात जाऊ देऊ नका, कडेकडेने मातीत घाला. पेल्यात पाणी साचलं की ते आतून सडतं.

अग्लोनिमा मला या सगळ्यांत सगळ्यात जवळचं वाटतं, कारण अंधाऱ्या हॉलमध्ये त्याची रुपेरी-हिरवी पानं खरंच उठून दिसतात. तीनशे-चारशे लक्स मिळाले की दर दीड-दोन महिन्यांनी एक तरी नवं पान काढतं. फक्त लाल-गुलाबी जातींच्या मोहात पडू नका. तो रंग टिकवायला उजेड लागतो. अंधारात त्या फिक्या पडतात, लोळतात, आणि महाग असल्यामुळे वाईटही जास्त वाटतं. साधी हिरवी-रुपेरी जात स्वस्त आहे आणि चिवट आहे.

मनी प्लांट सगळ्यांना ठाऊक. मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा, आणि आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. कमी उजेडात त्याची पानं लहान होतात, पेरं लांबतात, वेल सुतळीसारखा दिसायला लागतो. तो आजारी नसतो, उजेड शोधत असतो. वर्षातून दोनदा छाटा आणि तेच तुकडे त्याच कुंडीत टोचा, म्हणजे कुंडी भरलेली राहते. गडद हिरव्या पानांचा घ्या. पांढरे पट्टे जितके जास्त तितकं हरितद्रव्य कमी, आणि अंधारात त्या पानांचं पोट भरत नाही.

पीस लिलीची गोष्ट निराळी. तिला पाणी जास्त लागतं आणि तहान लागली की ती स्पष्ट सांगते, सगळी पानं एकदम लोळतात, पाणी दिलं की दोन-तीन तासांत उभी राहतात. पाणी घातल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांना ती बरी. मात्र लोळल्यावर आधी मातीत बोट घालून बघा. माती कोरडी असून लोळली तर तहान, ओली असून लोळली तर मुळं गेलीत. फुलं अंधारात जवळपास येत नाहीत. नर्सरीत फुललेली बघून आणली तर निराशा होते.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. झीझी, मनी प्लांट, अग्लोनिमा, पीस लिली ही चारही अळूच्या कुळातली. कच्चं अळू चिरताना हाताला जी खाज सुटते, तिला कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि तेच या झाडांतही असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. याच कुळातल्या डायफेनबॅकिया या झाडाचं पान खाऊन मूल मिनिटभरात दगावतं असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो, तो अतिशयोक्त आहे. पण घशाला सूज येऊ शकते आणि तसं झालं तर डॉक्टरकडेच जायला हवं. कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा.

कुंडी आणि माती

अंधाऱ्या खोलीत मोठी कुंडी हा शत्रू आहे. माती जितकी जास्त, तितकं न वापरलेलं पाणी जास्त. मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभर मोठी कुंडी पुरते. तळाला भोक हवंच. देखणी चिनी मातीची कुंडी आवडत असेल तर खुशाल वापरा, पण आत भोकाची प्लास्टिकची कुंडी ठेवून. पाणी घालायच्या दिवशी आतली कुंडी बाहेर काढायची, मोरीत पाणी घालायचं, अर्धा तास निथळू द्यायचं, मग परत आत.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझी आजीही द्यायची. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकातून माती सांडू नये म्हणून एक खापरी ठेवा, बस.

नर्सरीची लाल माती उन्हातल्या झाडाला चालते. आत ती चिखल धरून ठेवते. मी अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग परलाइट (हलके पांढरे खडे) आणि पाव भाग पोयटा असं करते. परलाइट मिळालं नाही तर जाड रेती किंवा भाताचं भाजलेलं तूस चालतं. मूठभर घेऊन पिळलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर लगेच विस्कटावा, इतपत भुसभुशीत. झाड आणल्याबरोबर माती बदलू नका, दोन-तीन आठवडे घराशी ओळख होऊ द्या. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन भागातल्या किंवा आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून आलेलं झाड हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, आणि त्या जाळीखालीही हजारो लक्स असतात. तिथून थेट दोनशे लक्समध्ये आल्यावर ते दोन-चार पानं टाकणारच. त्याला घाबरून पाणी वाढवू नका.

खत पहिलं वर्षभर अजिबात नको. वाढत नसलेल्या झाडाला खत म्हणजे जेवण झालेल्या माणसाला परत पंगतीला बसवणं. आणि चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, ताक यातलं काहीही घरातल्या कुंडीत ओतू नका. गच्चीवरच्या कुंड्यांत ते जिरून जातं. आत ते आंबतं, वर पांढरी बुरशी धरते आणि चिलटं येतात ती यानेही.

पाणी कधी, हे ठरवायची काडी

कुंडीच्या तळापर्यंत पोचेल एवढी लांब, साधी लाकडी काडी घ्या. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढा. काडीला माती चिकटली किंवा ती गडद, ओलसर दिसली तर पाणी नाही. कोरडी, स्वच्छ निघाली तरच. झीझी आणि स्नेक प्लांटला तर काडी कोरडी निघाल्यावरही आणखी आठवडाभर थांबा.

मावशीला याहून पक्कं काहीतरी हवं होतं, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला. नव्या झीझीची सहा इंची कुंडी पाणी घालून निथळल्यावर दोन किलो शंभर ग्रॅम भरली. पूर्ण सुकायला एकतीस दिवस लागले, तेव्हा वजन एक किलो चारशे. आता ती दर रविवारी कुंडी काट्यावर ठेवते आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिते. दीड किलोच्या खाली गेल्याशिवाय पाणी नाही. ज्या बाईला रोज तांब्या घेऊन झाडाजवळ जाण्याची सवय होती, तिला रोज बघायला दुसरं काहीतरी मिळालं.

पाणी घालायचं तेव्हा घोटघोट नको. पूर्ण भिजवा, खालून निथळू द्या. ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओता. मुळांसाठी तर ते वाईटच, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच चमचाभर स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

जून ते सप्टेंबर सगळंच मंदावतं. आभाळ भरलेलं असल्यामुळे आकडे निम्म्यावर येतात, हवा दमट असल्यामुळे माती सुकत नाही. मुंबईत आतली झाडं सगळ्यात जास्त मरतात ती पावसाळ्यातच, असा माझा अनुभव आहे. या चार महिन्यांत पाणी अर्ध्यावर आणा आणि कुंडी खिडकीच्या आणखी जवळ सरकवा.

चिलटं, पिठ्या आणि बाकीचं

चिलटं मातीत अंडी घालतात, अळ्या ओल्या मातीच्या वरच्या दोन इंचांत वाढतात. तेवढा थर पूर्ण सुकू दिला की त्यांचं चक्र तुटतं. पिवळे चिकट सापळे लावले तर उडणारी चिलटं पकडली जातात, पण माती ओली राहिली तर नवी येतच राहतील. पिठ्या ढेकूण, म्हणजे देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके, दिसले तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, आठवड्याने पुन्हा. पानांची टोकं तपकिरी होणं हे बहुतेकदा कोरड्या हवेचं किंवा नळाच्या पाण्यातल्या क्षारांचं लक्षण आहे, जीव घेणारं नाही. पानं महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. धुळीचा थर म्हणजे आधीच थोड्या असलेल्या उजेडावर आणखी एक पडदा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ दुपटीने बसते.

खिडकीच नसेल तर

डक्टकडे उघडणाऱ्या खोल्या, आतले पॅसेज, तळमजल्याच्या मागच्या बाजू, इथे सरळ दिवा लावा. महागडा जांभळा ग्रो लाइट लागत नाही. साधा पांढरा 9 वॅटचा एलईडी बल्ब झाडाच्या वर फूटभर अंतरावर टांगला की पानांवर हजार-दीड हजार लक्स पडतात. छताला लावलेला तोच बल्ब काही कामाचा नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्याने घटतो. रोज बारा तास लावला तर महिन्याला सव्वातीन युनिटं होतात. टायमरचा प्लग लावा, म्हणजे लक्षात ठेवायला नको. मावशीच्या टीव्हीच्या कपाटावर, त्याच 60 लक्सच्या जागी, आता असा बल्ब आहे आणि त्याच्याखाली अग्लोनिमा.

दुसरा मार्ग पाळीचा. एकाच जातीच्या दोन कुंड्या ठेवायच्या, एक आत, एक उजेडाच्या गॅलरीत पण थेट उन्हात नाही, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. मोठ्या ऑफिसांच्या लिफ्टजवळ जी तुकतुकीत झाडं दिसतात ती बऱ्याच ठिकाणी भाड्याची असतात. नर्सरीचा माळी ठरल्या दिवशी टेम्पो घेऊन येतो, दमलेल्या कुंड्या नेतो, ताज्या ठेवतो. ती झाडं तिथे राहत नाहीत, पाहुणी येतात. त्यांच्याशी आपल्या झाडाची तुलना करून कुणी मन लहान करू नये.

हवा शुद्ध व्हावी म्हणून झाडं ठेवत असाल तर तेही मोकळेपणाने सांगते. नासाचा 1989 चा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, तो छोट्या बंद पेट्यांमध्ये केलेला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा निघालं की उघड्या खिडकीतून होणारं काम झाडांनी करायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. हवेसाठी खिडकी उघडा. झाड झाडासाठीच ठेवा, सकाळी चहा घेताना समोर काहीतरी हिरवं दिसावं म्हणून.

तुळशीबद्दल प्रत्येक जण विचारतो. तुळस अंगणातली आहे, तिला चार-पाच तास ऊन हवं. आतल्या देवघराशेजारी ती महिनाभरही नीट राहत नाही आणि ती सुकली की घरातल्या मोठ्यांच्या मनाला लागतं, ते निराळंच. ग्रीलमध्ये ऊन येत असेल तर तिथे, नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर परवानगी घेऊन ठेवा आणि मंजिऱ्या, पानं पूजेला आणा.

अर्धमेलं झाड हातात असेल तर

कुंडी आजच उपडी करा, वाट बघू नका. पांढरी, घट्ट मुळं ठेवा. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी कात्रीने कापा, प्रत्येक काप झाल्यावर कात्री स्पिरिटने पुसत. उरलेली मुळं तासभर पेपरवर वाऱ्याला ठेवा, मग लहान कुंडीत, नव्या भुसभुशीत मातीत लावा. झीझी आणि स्नेक प्लांटला पाच-सहा दिवस पाणी देऊ नका. पानं खूप असतील तर काही कमी करा, राहिलेल्या मुळांना तेवढीच झेपतील.

मुळं एकही राहिली नसतील पण वरचा शेंडा घट्ट असेल, तर मनी प्लांट आणि अग्लोनिमा पाण्यात लावता येतात. पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा, काचेच्या बाटलीत दोन पेरं बुडतील एवढं पाणी घ्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. पाण्यात फुटलेली मुळं पाण्यालाच सरावलेली असतात, ती मातीतल्या मुळांसारखी गुदमरत नाहीत. ज्यांचा हात पाण्यावाचून राहत नाही त्यांनी झाड कायमचं बाटलीतच ठेवलं तरी चालेल. दर रविवारी पाणी पूर्ण बदला आणि बाटलीची आतली बाजू ब्रशने घासा, कारण एडिसची अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. मनी प्लांटला साधारण दोन आठवड्यांत पेरापाशी पांढरा टिपका दिसतो. तेच मूळ आहे. त्याला हात लावून बघू नका, दोन-तीन इंच होऊ द्या.